डागातून आणलेले बाळ

"मी कुठून आलो?" असे लहान मुलाने विचारले, की नागपुरातल्या बऱ्याच घरांत एक उत्तर तयार असते : "तुला डागातून आणले." गांधीबागेतले डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालय हे या शहरातल्या कित्येक पिढ्यांचे जन्मस्थान असल्यामुळे हे उत्तर खोटे नसते आणि सांगणाऱ्याला ते सोयीचेही असते. विषय तिथे संपला असे मोठ्यांना वाटते. मुलाच्या डोक्यात मात्र तो तिथून सुरू होतो. बालवाडीत शिकवत असताना चार वर्षांच्या एका मुलाने मला अत्यंत गंभीरपणे समजावून सांगितले होते, की आईजवळ पैसे कमी होते म्हणून तिने डागातून एकच बहीण आणली, जास्त असते तर भाऊही आणला असता. गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानांत तो आईबरोबर अनेकदा गेलेला होता, त्याच भागातून आई एकदा बाळ घेऊन आली होती, आणि दुकानातून वस्तू आणायची तर पैसे लागतात हे त्याला पक्के ठाऊक होते. जवळ असलेल्या माहितीवरून त्याने काढलेला निष्कर्ष तर्काला धरूनच होता.

मुलांच्या या तर्काचा अभ्यास झालेला आहे. ॲन बर्नस्टाइन आणि फिलिप कोवन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७५ साली, तीन ते बारा वर्षांच्या मुलांना बाळ कसे येते याविषयी काय वाटते, हे त्यांच्याशी बोलून तपासले. त्यांना असे आढळले, की तीन-चार वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने बाळ हे कुठेतरी आधीपासून असतेच, फक्त त्याची जागा बदलते : ते दुकानात असते, दवाखान्यात असते किंवा आईच्या पोटात असते. पुढे मूल असे मानू लागते, की बाळ एखाद्या वस्तूसारखे कोणीतरी तयार करते. शरीरात काही घडते आणि त्यातून बाळ निर्माण होते, हे त्यानंतर हळूहळू उमगत जाते, आणि सगळे दुवे जुळायला मूल अकरा-बारा वर्षांचे व्हावे लागते. जाँ पियाजे यांनी मुलांच्या विचारशक्तीच्या वाढीचे जे टप्पे सांगितले, त्यांच्याशी हा क्रम मिळताजुळता आहे. आपण उत्तर कसेही दिले तरी मूल ते आपल्या टप्प्यावर ओढून घेते. "बाळ पोटात असते" असे सांगितले, तर पोटात अन्न जाते हे माहीत असलेले मूल आईने बाळ गिळले असेल का, या काळजीत पडते आणि ती काळजी कोणालाही न सांगता मनात बाळगते.

त्यामुळे अशा प्रश्नाला उत्तर देण्याआधी, "तुला काय वाटते?" असे मुलाला विचारावे, याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही. त्याच्या मनात कोणती कल्पना आहे हे त्यातून कळते, आणि त्याला नेमके काय हवे आहे हेही कळते. बहुतेक वेळा जे हवे असते ते फार थोडे असते. चार वर्षांच्या मुलाला, "आईच्या पोटात जेवण जाते त्याहून वेगळी, बाळासाठीची एक पिशवी असते, तिला गर्भाशय म्हणतात, तिथे तू वाढलास," एवढे पुरते. सहा-सात वर्षांच्या मुलाला, आईच्या शरीरातली एक पेशी आणि बाबांच्या शरीरातली एक पेशी मिळून बाळाची सुरुवात होते, हे कळू शकते. पुढचा प्रश्न त्याने विचारला, तर पुढचे उत्तर द्यावे. नाही विचारला, तर तिथे थांबावे. घाबरलेला मोठा माणूस मात्र अनेकदा मुलाच्या प्रश्नाला उत्तर न देता स्वतःच्या भीतीला उत्तर देतो. मुलाने पिशवीबद्दल विचारलेले असते आणि मोठ्यांच्या मनात मात्र पंधराव्या वर्षीच्या मुलाचे चित्र उभे राहिलेले असते.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आमच्याकडे लहान मुले लाकडी नंदी सजवून दारोदार नेतात. त्या आठवड्यात बालवाडीत बैलांबद्दलचे प्रश्न पावसासारखे कोसळत असत. बैलाला शिंगे कशाला, तो झोपतो केव्हा, गाय दूध देते तर बैल का देत नाही, बैल बाबा असतो का. शेवटच्या दोन प्रश्नांवर मदतनीस बाईंचा चेहरा बदलत असे. मुलाचा चेहरा मात्र शिंगांबद्दल विचारताना होता तसाच असे. शरीराविषयीचे कुतूहल हे मुलाच्या बाकीच्या कुतूहलापासून वेगळे काढता येत नाही. दोन-तीन वर्षांच्या सुमारास त्याला मुलगा आणि मुलगी यांच्या शरीरातला फरक दिसू लागतो, मग बाळ कुठून येते हे त्याला हवे असते, आणि शाळेत रमू लागल्यावर त्याला आपोआप लाज वाटू लागते, कपडे बदलताना ते दार लोटून घेते. ही लाजही वाढीचाच भाग आहे आणि घरातल्यांनी तिचा मान राखायला हवा. सहा वर्षांची मुलगी "तुम्ही बाहेर जा" म्हणाली, तर "तुला जन्मल्यापासून पाहतोय" असे म्हणून तिथेच उभे राहणे योग्य नाही.

आपल्याकडे मात्र ही लाज मुलाच्या मनात उमलण्याआधीच बाहेरून घातली जाते. दोन वर्षांचे मूल आंघोळ करून उघडेच अंगणात पळाले, की चारही दिशांनी "शेम शेम" सुरू होते. एखादे काका, शेजारचे एखादे आजोबा मुलाच्या इंद्रियाकडे बोट दाखवून "कावळा घेऊन जाईल" असे म्हणतात आणि मूल घाबरून हाताने झाकून घेते, तेव्हा सगळे हसतात. हसणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसते हे मला मान्य आहे. परंतु त्या क्षणी मूल दोन गोष्टी शिकते. पहिली अशी, की आपल्या शरीराचा एक भाग हसण्याचा आणि भीतीचा आहे. दुसरी त्याहून घातक आहे : त्या भागाविषयी मोठी माणसे वाटेल ते बोलू शकतात, आणि आपण रडलो तरी ती थांबत नाहीत. पाहुण्यांनी जबरदस्तीने गालाचा पापा घेणे, नको म्हणणाऱ्या मुलीला ओढून मांडीवर बसवणे, ही याच शिकवणीची पुढची पायरी असते. जे मूल नमस्कार करते, हसून बोलते, पण मांडीवर बसायला नकार देते, ते उद्धट नसते. घरच्यांनी पाहुण्यांसमोर त्याची बाजू घ्यावी. पाहुण्यांना वाईट वाटले तरी चालेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्नाच्या वेळी मूल आपले शब्द ऐकते त्याआधी आपला चेहरा वाचते. बाळ ज्या वयात रांगू लागते, त्या वयातच ते एखाद्या अनोळखी वस्तूला हात लावण्यापूर्वी आईच्या चेहऱ्याकडे पाहून घेते आणि तिथे भीती दिसली तर मागे सरते. बालविकासाच्या अभ्यासकांनी हे वारंवार नोंदवले आहे. चौथ्या वर्षी प्रश्न विचारतानाही तेच घडते. हातातला चमचा थांबला, आवाज खाली गेला, आईने बाबांकडे पाहिले, एवढ्यावरून ही जागा धोक्याची आहे असे मूल ओळखते, आणि पुन्हा तिथे येत नाही. कुतूहल मात्र संपलेले नसते. ते दुसरीकडे जाते : मोठ्या वर्गातल्या मुलाकडे, मोबाइलकडे, किंवा अशा माणसाकडे, जो त्या कुतूहलाचा उपयोग करून घेऊ पाहतो.

इथे नागपूरच्या उन्हाळ्याविषयी थोडे सविस्तर बोलणे आवश्यक आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा घरातला एकच मोठा कूलर समोरच्या खोलीत लावला जातो, सुट्टीसाठी आलेली मामा-मावशीची सगळी मुले ओळीने त्याच्यासमोर झोपतात, दुपारी टाक्यावर एकत्र अंघोळी होतात, आणि मोठी माणसे उन्हाने थकून डोळे मिटतात. बालपणीचे ते सुख मी अनुभवलेले आहे आणि आजच्या मुलांपासून ते हिरावून घेतले जावे असे मला वाटत नाही. याच दिवसांत एखादी आई घाबऱ्याघुबऱ्या विचारते, की पाच वर्षांची दोन भावंडे 'डॉक्टर-डॉक्टर' खेळताना एकमेकांचे कपडे वर करून पाहत होती, आता काय करायचे. साधारण एकाच वयाची मुले, दोघांची राजीखुशी, हसतखेळत चाललेला आणि हाक मारताच थांबणारा खेळ, असे असेल तर हे वाढीतले सर्वसामान्य कुतूहल असते. त्यावर मारझोड किंवा आरडाओरडा करू नये. "कपड्यांखालचे अंग आपले खाजगी असते, ते कोणाचे पाहायचे नाही आणि कोणाला दाखवायचे नाही, चला, आता दुसरे काही खेळू," एवढे शांतपणे सांगितले, की पुरते. मुलांच्या मनात काही प्रश्न आहेत, हे त्यावरून ओळखून पुढे त्यांची उत्तरे द्यावीत.

काळजीची चिन्हे वेगळी असतात आणि ती ठाऊक असणे अत्यावश्यक आहे. वयात मोठे अंतर असेल, एकाची बळजबरी असेल, धमकी किंवा आमिष असेल, "कोणाला सांगू नकोस" असे बजावलेले असेल, लहान मुलाला त्याच्या वयात माहीत असण्याचे कारण नाही अशा गोष्टी ते बोलू किंवा करू लागले असेल, पुन्हा पुन्हा समजावूनही तेच चालू राहत असेल, किंवा मूल एखाद्या व्यक्तीजवळ जायला अचानक घाबरू लागले, पुन्हा अंथरुण ओले करू लागले, तर ते कुतूहल म्हणून सोडून देता येत नाही. यातल्या एखाद्या चिन्हावरून लगेच निष्कर्ष काढू नये, कारण त्याला दुसरीही कारणे असू शकतात. मुलाला न घाबरवता ऐकून घ्यावे, आणि बालरोगतज्ज्ञ किंवा समुपदेशक यांच्याकडे जायला उशीर लावू नये. कूलरसमोरच्या ओळीत किशोरवयीन आणि अगदी लहान मुले वेगवेगळी झोपतील, एखादे जाणते माणूस मध्ये असेल, एवढी व्यवस्था कोणावरही संशय न घेता करता येते.

दोन-तीन वर्षांचे मूल कधी झोप येताना, कधी कंटाळल्यावर स्वतःच्या जननेंद्रियांना हात लावते. त्यात मोठ्यांच्या अर्थाने काही नसते. मूल अंगठा चोखते तशीच ही सवय असते. हातावर फटका मारण्यापेक्षा हातात खेळणे द्यावे, आणि थोडे समजू लागल्यावर हे चारचौघांत करायचे नसते असे सांगावे. जळजळ किंवा खाज असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

अवयवांची नावे शिकवण्याविषयी पालकांना सर्वांत जास्त संकोच वाटतो. डोळा, गुडघा, कोपर शिकवणारी आई कमरेजवळ आली, की तिचे बोट उडी मारून थेट मांडीवर जाते. शिश्न, वृषण, योनी, स्तन हे शब्द मुलाला आंघोळ घालताना, नाक-कान म्हणावे तशाच आवाजात सांगता येतात. घरात लाडाचा शब्द असायला हरकत नाही, परंतु खरा शब्दही मुलाला माहीत असावा, कारण दुखले तर डॉक्टरांना आणि कोणी त्रास दिला तर शिक्षकांना किंवा पोलिसांना कळेल अशा शब्दांत त्याला ते सांगता आले पाहिजे. बौद्धिक वाढ संथ असलेल्या मुलांच्या बाबतीत तर हे अधिक लवकर, अधिक वेळा आणि चित्रे दाखवून शिकवावे लागते. त्यांना काही कळत नाही असे गृहीत धरून आपण त्यांना सर्वांत असुरक्षित करून ठेवतो.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले, अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते, आणि बहुतेक मुलांनी त्याविषयी कोणाकडेही तक्रार केलेली नव्हती. त्यानंतर १४ नोव्हेंबर २०१२ पासून, लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांचे संरक्षण करणारा पॉक्सो कायदा लागू झाला, अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलामुलीला त्याचे संरक्षण मिळाले, आणि असा गुन्हा घडल्याचे कळूनही पोलिसांना न कळवणे हाही गुन्हा ठरला. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे, आणि तो मुलांना पाठ असावा. नागपुरातल्याच एका खटल्यात, बारा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत, त्वचेचा त्वचेशी थेट स्पर्श झाला नाही म्हणून तो पॉक्सोखालील लैंगिक हल्ला ठरत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये दिला. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो रद्द केला आणि करणाऱ्याचा लैंगिक हेतू हाच निर्णायक असल्याचे स्पष्ट केले. त्या दिवसांत शहरात कायद्याच्या कलमांवर पुष्कळ चर्चा झाली. मला मात्र त्या प्रकरणातली दुसरी गोष्ट सर्वांत मोलाची वाटली. त्या मुलीने आपल्या आईला घडलेले सांगितले, आणि आईने तिच्यावर विश्वास ठेवून तक्रार नोंदवली. पुढचा सगळा खटला त्या एका बोलण्यावर उभा होता. आठ-दहा वर्षांच्या मुलीला असे बोलता यायचे असेल, तर चौथ्या वर्षी तिने विचारलेल्या साध्या प्रश्नाच्या वेळी घरात काय घडले होते याला फार महत्त्व आहे.

शरीराचे ज्ञान दिले तर मुले बिघडतील, ही भीती आपल्याकडे जुनी आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. वाचकांनी लैंगिक जीवनाविषयी विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी शास्त्राच्या आधारे उत्तरे दिली, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि १९३४ साली तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवला. खटला ते हरले. त्यानंतर सत्तरहून अधिक वर्षांनी, २००७ साली, महाराष्ट्रात शाळांमधल्या लैंगिकता शिक्षणाला विरोध झाला आणि तो कार्यक्रम थांबवला गेला. युनेस्कोने २००९ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन सांगितले, की असे शिक्षण मिळाल्यामुळे मुले लैंगिक संबंधांकडे लवकर वळत नाहीत. तरीही आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकात मानवी प्रजननाचे सविस्तर प्रकरण दहावीत येते. मुलींमध्ये वयात येण्याचे बदल आठ ते तेरा या वयात सुरू होतात आणि मुलांमध्ये नऊ ते चौदा या वयात. म्हणजे पुस्तक उघडेपर्यंत बहुतेकांच्या शरीरात ते बदल घडून गेलेले असतात आणि त्यांचा अर्थ त्यांनी दुसरीकडूनच लावून घेतलेला असतो.

मुलींच्या बाबतीत परिस्थिती थोडी बदलली आहे. पाळी येण्याआधी मुलीला सांगणाऱ्या आया मला आता बऱ्याच भेटतात. मुलग्यांशी मात्र कोणी काहीच बोलत नाही, आणि ते मला फार खटकते. बालवाडीच्या पालकसभेला आयाच येत असत, म्हणून आम्ही सभा रविवारी सकाळी घेऊ लागलो आणि वडील येऊ लागले. एका सभेनंतर ऑटो चालवणारे एक गृहस्थ सगळे गेल्यावर थांबले आणि म्हणाले, "ताई, पोट्टा मले विचारते, बाबा, तुमच्यासारख्या मिशा मले कधी येतीन? त्याले काय सांगू?" मी म्हणाले, तो पाच वर्षांचा आहे, तेव्हा आज एवढेच सांगा, की तो सातवी-आठवीत गेला की मिशा फुटू लागतील, आवाज बदलेल, उंची झपाट्याने वाढेल, आणि प्रत्येकाचे हे थोडे पुढेमागे होते. नऊ-दहा वर्षांचा झाला, की झोपेत वीर्य बाहेर येऊ शकते आणि तो आजार नसतो, हेही त्याला सांगा, ते घडण्याच्या आधी सांगा. "मले तर कोणीच नव्हतं सांगितलं. म्या दोन वर्षं घाबरून होतो," असे ते म्हणाले, आणि थोडे थांबून त्यांनी विचारले, "मोठी पोरगी आठ वर्षांची आहे. तिले पोरांचं सांगायचं का, आन् याले पोरींचं?" दोघांनाही दोन्ही सांगा, असे मी म्हटले. पाळीचे तिला आईने सांगावे, पण त्या वेळी तुम्हीही तिथे बसावे, म्हणजे शाळेत अचानक काही झाले आणि घ्यायला तुम्ही गेलात, तर तुम्हाला सांगायला ती लाजणार नाही.